बेस्ट मॅनचं उरलेलं काम

केदार,

पहिला फोन मला आला नाही. तू काम करायचास त्या हॉस्पिटलबाहेरच्या बसस्टॉपवर कोसळलास तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. मला कळलं पावणेचारला, तेही मीराने कळवलं म्हणून. मी ऑफिसातून तसाच निघालो, बस येईना म्हणून अर्धा रस्ता पळत आलो. पळताना डोक्यात तू होतास हे खरं. पण तुझ्या शेजारून एक कोता विचारही धावत होता, की मला आधी का नाही सांगितलं? चार वर्षं तुझ्या प्रत्येक फॉर्मवर, आणीबाणीत कोणाला कळवायचं तिथे, माझं नाव होतं. ही कबुली आधीच देऊन टाकतो. ती लपवून पुढचं लिहिलं तर तूच म्हणशील, पत्रकराव, दुसऱ्यांच्या खोटेपणावर चार पानं लिहितोस आणि स्वतःचा खोटेपणा तळटीपेतही नाही.

मंगळवारी तू पडलास, गुरुवारी गेलास. मधले दोन दिवस मशीन श्वास घेत होतं. आज त्याला दहा दिवस झाले. तुझा अंत्यविधी अजून व्हायचा आहे. इथे तारीख मिळायला वेळ लागतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणजे मी हे लिहितोय तेव्हा तू अजून साउथहॅम्प्टनमध्येच आहेस, माझ्या टेबलापासून दोन मैलांवर, एका थंड खोलीत. पण माझी झोप उडाली आहे ती त्यामुळे नाही. या आठवड्यात मी जे केलं ते चूक असेल आणि त्याची शिक्षा मीराला भोगावी लागेल, ही भीती जात नाही. हे मी एरवी तुला विचारलं असतं. मीराला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही. पण त्याला देव करू नकोस, प्लीज."

देव तू नव्हतास. तू कामं पुढे ढकलणारा, भांडण आलं की विनोद करणारा, उरलेलं जेवण डब्यासकट विसरणारा माणूस होतास. आणि मी कोण होतो, ते तू सगळ्यांना एका वाक्यात सांगायचास : "हा पत्रकराव. ह्याच्याशी हो म्हणून बोला, नाहीतर हा छापून आणेल." माझ्या वडिलांचा इचलकरंजीत छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी छापायचे, पत्रकं मनासाठी. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, मानपानाविरुद्ध. शाळेतून आलो की पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे. मी वाचायला शिकलो तो त्या घड्या घालताना. त्यामुळे माझी वाक्यं अजूनही चौकात उभी राहून बोलल्यासारखी होतात, हे मला कळतं. तू ते सहन केलंस, चार वर्षं, एकाच बाथरूमच्या फ्लॅटमध्ये.

गेल्या हिवाळ्यात तू आणि मीराने एकत्र राहायचं ठरवलंत. मीरा लंडनजवळच्या पिनरची, इथेच जन्मलेली. आईवडील दोघेही डॉक्टर. तिच्या घरून अडचण नव्हती. अडचण नागपूरची होती. तुझा फोन स्पीकरवर होता आणि मी भांडी घासत होतो, म्हणून काकूंचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

"एका घरात राहायचं तर आधी कागद करा बाप्पा," तुझी आई म्हणाली. "लग्न डिसेंबरात इथं होईलच. तोवर कागद आहे एवढं माहीत असलं की मला झोप लागते. पण लग्न झालं म्हणून कोणाला सांगू नका हं. आम्ही न पाहिलेलं लग्न कसलं?"

तुला ती व्यवस्था सोयीची वाटली. आपल्या लोकांत ती नवीही नाही. इथल्या आपल्या निम्म्या ओळखीच्यांची लग्नं दोनदा झालेली आहेत, एकदा रजिस्टर ऑफिसात आणि एकदा हॉलमध्ये. वाढदिवस सगळे दुसऱ्या लग्नाचाच करतात. पहिल्याला कागद म्हणतात, आणि तो कागद पासपोर्टच्या फोल्डरमध्ये जातो. मला याची चीड होती. ज्या लग्नात बाई स्वतःच्या तोंडाने हो म्हणते ते कागद, आणि ज्यात बाप तिला दान करतो ते खरं, हे कसलं गणित? हे मी तुला इतक्या वेळा ऐकवलं की तू शेवटी म्हणालास, "बरं, मग तूच हो बेस्ट मॅन. कागदाचा बेस्ट मॅन."

मी ते काम गंभीरपणे घेतलं. बेस्ट मॅनने काय काय करायचं असतं ते शोधून वाचलं आणि यादी केली. नवरदेवाला वेळेवर पोचवणे, अंगठी सांभाळणे, साक्षीदार म्हणून सही, भाषण, म्हाताऱ्या पाहुण्यांची विचारपूस, नवरदेव पळून जाणार नाही यावर लक्ष. तू यादी बघून म्हणालास, "भाषण काट. म्हातारे आज नाहीत. आणि पळायची वेळ आली तर आधी तू पळशील."

मार्चमधला शनिवार होता. आपण चाळीस मिनिटं आधी पोचलो आणि गाडीतच बसून राहिलो. मी खिशातली अंगठी परत परत चाचपत होतो.

"आहे रे ती," तू म्हणालास. "तिला पाय नाहीत."

"केदार, तुला कळतंय का, तू आज जे करतोयस तेच खरं लग्न आहे. दोन सज्ञान माणसं. कोणी कोणाला दान देत नाही. कोणी न कळणाऱ्या भाषेत काही पुटपुटत नाही."

"हा कागद आहे."

"कायदा आहे."

"कागदच. पत्रकराव, आज सुट्टी घे ना."

आत गेल्यावर सगळंच पुढे ढकललेलं. इल्फर्डहून मीराचा मावसभाऊ आला होता, दुसरा साक्षीदार म्हणून. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो एवढी एकच गोष्ट त्याला आपल्या लग्नांतली पाठ होती. तो बोटं चोळत पुढे आला तर तू म्हणालास, "नागपूरला." हार आणले नव्हते, ते नागपूरला. मीरा नाव घेणार होती, तिने ते रोमन लिपीत लिहून आणलं होतं, तू म्हणालास, "ठेव, नागपूरला." तिचे आईवडील ड्यूटीवर होते, तेही नागपूरला भेटणार होते. रजिस्ट्रार बाई तपशील वाचून दाखवत होत्या. त्यात दोघांच्या वडिलांची नावं आली, मग दोघांच्या आयांचीही. मला इतका आनंद झाला की मी तुझ्या कानात म्हणालो, बघ, आईचं नाव. पूर्वी इथे फक्त बापाचं लागायचं. तू म्हणालास, "घरी बोलू नकोस. आपलं नाव लागलंय कळलं तर तिला वाटेल लग्न खरंच झालं."

मी सही केली. आयुष्यभर कागदांच्या घड्या घातल्या, पण माझ्या सहीशिवाय एखादा कागद पुरा होणार नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं. नंतर आपण चौघांनी पिझ्झा खाल्ला. कोणी लग्न हा शब्द उच्चारला नाही. मीराने एकदा माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, तेवढंच.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी, तू एकटाच जुन्या फ्लॅटवर आलास. तुझं टपाल अजून तिथेच येत होतं. तू लॅपटॉप उघडून हॉस्पिटलचा कुठलासा फॉर्म भरत बसलास. पत्ता बदलायचा होता.

"तुझं नाव उडवतोय रे," तू म्हणालास.

"कुठून?"

"आणीबाणीत कोणाला कळवायचं तिथून. आता तुला धावत यायला नको."

मी वाकून पाहिलं. माझं नाव होतं, आणि नात्याच्या रकान्यात 'ब्रदर' लिहिलेलं. मला हे माहीतच नव्हतं. मी माझ्या फॉर्मवर तुला 'फ्रेंड' लिहिलं होतं. तू दोन्ही खोडलंस. मीराचं नाव टाकलंस, आणि नात्याच्या जागी 'वाइफ'. जराही थांबला नाहीस.

मला टोचलं. म्हणून मी टोचून बोललो. "का? कागदच होता ना तो?"

"फॉर्मवर खोटं लिहायचं नसतं."

"मग मला भाऊ लिहिलं होतंस ते?"

"ते कुठे खोटं होतं?" तू स्क्रीनकडे बघतच म्हणालास.

मी चहा करायला उठलो. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं, केदार. मी साखर किती विचारलं.

आणि मग ते शेवटचं भांडण. तू पडण्याआधी दहा दिवस. डिसेंबरचा हॉल ठरला होता आणि तू मला तिकीट बघ म्हणत होतास. मी म्हणालो, मी येणार नाही. तुझं लग्न झालेलं आहे, मी त्याचा साक्षीदार आहे, त्याच माणसांचं लग्न परत लावायच्या नाटकात मी उभा राहणार नाही.

"मग अंतरपाट कोण धरणार?" तू म्हणालास.

"कोणीही धरेल. फडकं धरायला डिग्री लागत नाही."

तू हसला नाहीस. चार वर्षांत पहिल्यांदा विनोद केला नाहीस. "तुला तत्त्व लागतं," म्हणालास, "मला माणसं लागतात. ये किंवा नको येऊस." त्यानंतर आपण मेसेजवर बोललो, बसच्या वेळा, पार्सल आलं का, असलं. मी आलो असतो, केदार. कुरकुर करत आलो असतो, भटजींशी वाद घातला असता, पण अंतरपाट धरला असता. हे मी मनात ठरवलेलं होतं, फक्त तुला आणखी महिनाभर टांगून ठेवायचं होतं. माझं तत्त्व जिंकायला तेवढा वेळ लागणार होता.

तुझे आईबाबा सोमवारी दुपारी पोचले. मी आणि मीरा घ्यायला गेलो होतो. काकूंनी आधी मीराला जवळ घेतलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसेपर्यंत काढला नाही. मंगळवारी मी मीराबरोबर सामान आणायला गेलो. डाळींच्या कपाटासमोर ती थांबली. तिच्या हातात तुरीची पिशवी होती.

"तुला एक विचारू? त्याला काय वाटायची? म्हणजे... आपण मॅरिड आहोत असं वाटायचं का पेपर वाटायचा?"

"तो गंमत करायचा गं," मी म्हणालो.

"हो, पण गंमत कुठली होती?"

मी मुगाची डाळ शोधायला लागलो. त्या रविवारचा फॉर्म माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तो तिला सांगितला नाही. का, ते मी पहिल्याच परिच्छेदात कबूल केलं आहे.

बुधवारी काकूंनी बोलावून घेतलं. तुझ्या नव्या घरातल्या त्या छोट्या टेबलाशी त्या बसल्या होत्या. काका सोफ्यावर. मीरा स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, नळाचा आवाज येत होता.

"उद्या दहा चाळीसला केदारच्या मृत्यूची नोंद करायची आहे," काकू म्हणाल्या. "काका करतील. बापानं केलेली चालते नं?"

"चालते."

"ह्यांना इंग्रजी वाचता येतं, पण इथल्यांचं बोलणं समजत नाही. तू बरोबर जा. आणि त्यांनी विचारलं, लग्न झालं होतं का, तर नाही म्हण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काकू, तिथेच लागलंय त्यांचं लग्न. त्याच इमारतीत."

"लग्न लागलं नाही. कागद झाला."

"त्यांच्याच दप्तरात असेल ते," काका हळूच म्हणाले.

"असू दे. आपण होऊन सांगायचं नाही. तो दाखला नागपूरला दहा जण बघतील. त्यावर पोरीचं नाव नको."

मग मी बोललो. पाच मिनिटं बोललो असेन. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, कायद्याने ती पत्नी आहे, बाईची ओळख असा घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवायचा विषय नाही, सगळं आलं त्यात. काकू मध्ये बोलल्या नाहीत. मी थांबल्यावर म्हणाल्या, "झालं? आता माझं ऐक."

त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "माझी धाकटी बहीण सव्विसाव्या वर्षी नवऱ्याच्या मागं राहिली. शिकलेली होती, शाळेत शिकवायची. शेजारी हळदीकुंकू असलं की आमची आईच तिला सांगायची, तू आज आत बस. आमची आई, दुसरं कोणी नाही. तेव्हाही पत्रकं निघत होती. तुझ्या बापासारखे लोक होते की. त्यातलं एक पत्रक तिला हाताला धरून बाहेर घेऊन आलं नाही. ही पोर अठ्ठावीसची आहे. हिचं लग्न झालंच नव्हतं म्हटलं तर कोणाचं काय जातं? केदारचं तर काहीच जात नाही."

पिनरला मीराच्या आईवडिलांशीही त्यांचं बोलणं झालं होतं. तिकडूनही होकार होता. दोन घरं मिळून, निव्वळ मायेपोटी, तुमचं सात आठवड्यांचं लग्न पुसून टाकणार होती, आणि मला फक्त एक शब्द इंग्रजीत म्हणायचा होता. केदार, मला राग यायला हवा होता. आला नाही. मला त्या मावशी दिसल्या, आतल्या खोलीत वह्या तपासत बसलेल्या. विधवेला वागवतात कसं यावर माझ्या वडिलांनी पत्रकं छापली, मी घड्या घातल्या, आणि आता मीच एका मुलीला त्या शब्दाखाली आणून उभं करायला निघालो होतो. माझं तत्त्व शाबूत राहील, आणि आत बसायची वेळ तिच्यावर येईल.

"आणि तू साक्षीदार होता नं?" काकू म्हणाल्या. "मग खरं सांग मला. माझा पोरगा त्याला लग्न म्हणत होता का?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

तुझ्यावर मी कधी चिडलो असेन तर त्या क्षणी. हे उत्तर तू द्यायचं होतंस. मीराला, घरात, एखाद्या साध्या संध्याकाळी, एका वाक्यात. तू ते एका फॉर्मला सांगितलंस, आणि बाजूने मला. खरं सांगायचं तर मला दोन्ही सांगावं लागणार होतं, आणि दोन्ही तिला ऐकू जाणार होतं.

"त्या दिवशी सकाळी म्हणाला, हा कागद आहे," मी म्हणालो.

काकूंनी मान हलवली. त्यांना हवं ते मिळालं होतं, पण त्यांचा चेहरा तसा दिसला नाही.

"आणि नंतर?" हे काकांनी विचारलं. आल्यापासून ते जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील.

मग मी त्यांना तो रविवार सांगितला. फॉर्म, माझं नाव, ते खोडणं, मीराचं नाव.

"नात्यात काय लिहिलं?" काका.

"वाइफ."

"बायको. त्याच्या हातानं?"

"माझ्यासमोर. मी म्हणालो, कागद ना तो? तर म्हणाला, फॉर्मवर खोटं लिहायचं नसतं."

मीरा दारात येऊन उभी होती. हात ओले. "हे मला काल का नाही सांगितलास? मी विचारली होती तुला."

"कारण तिथे आधी माझं नाव होतं," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत इतकं लाजिरवाणं वाक्य मी कुणासमोर बोललो नसेन.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काकूंकडे बघितलं. "ओके," म्हणाली, आत गेली आणि नळ परत सोडला. काकू उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मला कोणी जा म्हणालं नाही आणि बस म्हणालं नाही. मी काकांचा निरोप घेऊन निघालो. काय करायचं ते कोणीच ठरवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ते तिघं बसस्टॉपवर आले तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यांवरून काही कळेना. काकांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. मीराच्या खांद्याला बॅग होती. आत काय होतं ते मी विचारलं नाही. बसमध्ये काकू खिडकीतून बघत होत्या, मध्येच म्हणाल्या, "हे सगळं पोरानं रोज पाहिलं असेल नं?" मी हो म्हणालो. मला सारखं वाटत होतं, तिथलं दार उघडेल, सगळे माझ्याकडे बघतील, आणि मला तो शब्द म्हणावा लागेल किंवा नाकारावा लागेल. दोन्हीची तयारी मी केली होती. दोन्ही मला जमणार नव्हतं.

रजिस्टर ऑफिसात दहा बेचाळीसला एक बाई बाहेर आल्या. हलक्या आवाजात तुझं पूर्ण नाव घेतलं, आपल्या उच्चारांशी झटापट करत, आणि विचारलं, नोंद कोण करणार आहे? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत मीरा उठली.

"आय अॅम," ती म्हणाली. "आय अॅम हिज वाइफ."

एवढं इंग्रजी काकूंना येत होतं. काका उठायला लागले तेव्हा त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही बसा," म्हणाल्या. फाइल त्यांच्या मांडीवरून उचलली, पदर सावरला आणि मीराच्या मागोमाग आत गेल्या. दार लागलं. मृत्यूच्या नोंदीला साक्षीदार लागत नाहीत. मी बाहेरच होतो.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "ती खोली इथंच कुठं आहे का रे? लग्नाची?"

वरच्या मजल्यावर होती. आम्ही जिन्याने गेलो. दार उघडं होतं, आत एक माणूस कुणाच्या तरी लग्नासाठी खुर्च्या लावत होता. काका उंबऱ्याशीच थांबले.

"कुठं उभा होता?"

मी दाखवलं.

"आणि तू?"

"त्याच्या डाव्या हाताला."

"घाबरला होता का?"

"हो. स्वतःचं नाव सांगताना अडखळला. बाईंनी परत म्हणायला सांगितलं."

काका हसले. अगदी तुझ्यासारखे, एका बाजूने. "आमच्या लग्नात मी पण अडखळलो होतो," म्हणाले. "मला वाटलं, हिला मी पसंत नाही बहुतेक." मग रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि खूप वेळ पुसत राहिले. खुर्च्या लावणारा माणूस आमच्याकडे बघून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

खाली आलो तेव्हा त्या दोघी बाहेर उभ्या होत्या. मीराच्या हातात लिफाफा होता. ती बसच्या पाटीकडे चालायला लागली, काका तिच्याबरोबर. काकू मागे थांबल्या. मला वाटलं, आता मला बोलतील, आणि बोलायला हवंच होतं.

"तिच्या नावापुढं माझ्या बहिणीचाच शब्द लिहिला त्या बाईनं," काकू म्हणाल्या. "मला वाचून दाखवलं पोरीनं, मराठीत. मी थांबवलं नाही. चूक केली असेल मी."

"काकू, मी..."

"थांब. एकच विचारते. उद्या कुठल्या समारंभात, इथं नाही तर नागपुरात, हिला कोणी आत बस म्हणालं, तर तू कुठं असशील? मुंजीत, बारशात, सगळ्यात. घरी बसून पत्रक लिहीत असशील, की तिथं?"

"तिथे असेन, काकू. पूजा असली तरी. तिच्या शेजारी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. विनोद करत नव्हत्या.

"लिहून दे," म्हणाल्या.

देतोय, केदार.